श्रीमंत सयाजीराव महाराज : प्रकृती, निद्रा आणि राज्यकारभार



दरवर्षी मार्च महिन्यात श्रीमंत सयाजीराव महाराज तिसरे यांची जयंती आली की आपल्या शाळेत भाषणे होतात. सक्तीचे शिक्षण, वाचनालये, डॉ. आंबेडकरांना दिलेली शिष्यवृत्ती, आजव्याचे पाणी हे मुद्दे मुलांना आता तोंडपाठ झाले आहेत, आणि तसे ते असलेच पाहिजेत. बडोद्यात राहणाऱ्या मराठी घरातल्या मुलाला हे ठाऊक नसेल तर कोणाला असणार? परंतु महाराजांच्या चरित्रातला एक भाग असा आहे की तो भाषणांत सहसा येत नाही. महाराजांना झोप येत नसे. ही तक्रार दोन-चार दिवसांची नव्हती. ऐन तारुण्यात, विशी ओलांडल्यावर ती सुरू झाली आणि पुढे अनेक वर्षे तिने त्यांचा पिच्छा सोडला नाही. या आजारासह राज्य चालवताना त्यांना वरच्या सत्तेशी सतत बोलणी करावी लागली. आज ज्याला आपण रजा मागणे, कामाच्या वेळेत सवलत मागणे म्हणतो, तेच एका राजाला करावे लागले! यंदा आम्ही त्याच विषयावर लिहीत आहोत.

महाराजांचा जन्म १८६३ सालच्या मार्च महिन्यात नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे या गावी झाला. घर गायकवाड वंशाचे होते, पण राहणी शेतकऱ्याची होती. मूळ नाव गोपाळराव. १८७५ साली इंग्रज सरकारने मल्हारराव महाराजांना गादीवरून दूर केले आणि खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाईसाहेब यांना दत्तक घेण्याची परवानगी दिली. तीन मुलांतून गोपाळरावांची निवड झाली. आपण इथे कशासाठी आलो आहोत असे विचारल्यावर राज्य करायला आलो आहोत असे त्यांनी सांगितले, ही गोष्ट सर्वांनाच ठाऊक आहे. बारा वर्षांच्या त्या मुलाला तेव्हा लिहिता-वाचताही येत नव्हते, हे मात्र आपण विसरतो.

त्यानंतर काय झाले याचा विचार विद्यार्थ्यांनी अवश्य करावा. सहा वर्षांत या मुलाने मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा एकदम शिकायच्या होत्या. इतिहास, गणित, घोडेस्वारी, दरबारी रीतिरिवाज हे सारे त्याशिवाय. इलियट साहेब शिक्षक होते, तर राज्याचा कारभार पाहणारे दिवाण सर टी. माधवराव राज्य कसे करावे यावर व्याख्याने देत. ही व्याख्याने पुढे पुस्तकरूपाने छापली गेली. सकाळपासून रात्रीपर्यंत वेळापत्रक भरलेले. वयाने मोठा, अभ्यासात मागे आणि सर्वांची नजर आपल्यावर, अशी या मुलाची स्थिती होती. उशिरा शाळेत आलेल्या मुलावर किती ताण असतो हे शिक्षक या नात्याने आम्हाला ठाऊक आहे. इथे तर त्या ताणावर एका राज्याचे भवितव्य टांगलेले होते.

२८ डिसेंबर १८८१ रोजी महाराजांना पूर्ण अधिकार मिळाले. वय अठरा वर्षे. राज्याची लोकसंख्या वीस लाखांवर, आणि मुलूख एकसंध नाही. बडोदे, कडी, नवसारी, अमरेली असे तुकडे, मधे इंग्रजांचा आणि इतर संस्थानांचा मुलूख. महाराजांनी ठरवले की प्रत्येक गोष्ट स्वतः पाहायची. जिल्ह्यांचे दौरे काढले, गावोगाव लोकांची गाऱ्हाणी ऐकली, जमिनीची मोजणी व सारा-आकारणी सुरू केली, आजव्याच्या तलावाचे काम हाती घेतले. लहानसहान कागदही त्यांच्यासमोर यायचा. नोकरवर्गावर विश्वास कमी आणि स्वतःवर जबाबदारी जास्त अशी ही कामाची पद्धत होती. आमच्या मते पुढच्या दुखण्याचे मूळ बरेचसे इथेच आहे.

त्यातच १८८५ साली महाराणी चिमणाबाई (पहिल्या) क्षयाने वारल्या. महाराज तेव्हा केवळ बावीस वर्षांचे होते. रावपुऱ्यातले टॉवर आपण रोज पाहतो, रिक्षावाल्याला तिथलाच पत्ता सांगतो. तो टॉवर याच महाराणींच्या स्मरणार्थ १८९६ साली उभा राहिला, हे किती मुलांना माहीत आहे? न्यायमंदिराच्या इमारतीलाही त्यांचेच नाव दिलेले आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस देवासच्या घाटगे घराण्यातल्या गजराबाईंशी महाराजांचा दुसरा विवाह झाला. त्या चिमणाबाई (दुसऱ्या) झाल्या आणि पुढे आयुष्यभर महाराजांच्या खंबीर साथीदार राहिल्या. परंतु झोप गेली ती गेलीच. रात्र रात्र जागरण, दिवसा थकवा, डोके जड, मन उदास, आणि तरीही समोर कागदांचा ढीग.

त्या काळी युरोप-अमेरिकेत अशा दुखण्याला न्यूरॅस्थेनिया म्हणत, म्हणजे मज्जातंतूंची दुर्बलता. उपचार म्हणजे विश्रांती, हवापालट, समुद्रप्रवास आणि औषधी पाण्याच्या गावी मुक्काम. झोपेसाठी ब्रोमाइड आणि क्लोरल ही औषधे प्रचारात होती, पण त्यांचे व्यसन लागे. आजचे वैद्यकशास्त्र निराळी भाषा बोलते. आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री, सलग तीन महिने झोपेची तक्रार राहिली तर तिला जुनाट निद्रानाश म्हणतात. त्यावर पहिला उपाय म्हणून गोळी दिली जात नाही. झोपेच्या वेळा, सवयी आणि झोपेबद्दलची धास्ती यांवर काम करणारी वर्तन-उपचार पद्धती आधी वापरली जाते. महाराजांच्या वेळी हे ज्ञान नव्हते. वैद्य-डॉक्टरांनी जे सांगितले ते त्यांनी केले. थंड हवेची ठिकाणे झाली, व्यायाम झाला, आणि शेवटी १८८७ साली ते महाराणींसह युरोपला निघाले.

समुद्र ओलांडणे ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती. सनातनी मंडळींचा विरोध होता, पण त्याहून मोठी अडचण वेगळीच होती. देशी संस्थानचा राजा म्हटला तरी त्याच्यावर रेसिडेंट, रेसिडेंटवर गव्हर्नर जनरल आणि त्यांच्यावर लंडन. परदेशी जायचे तर सरकारला कळवावे लागे, कारण सांगावे लागे, किती दिवस लागतील ते सांगावे लागे, आणि मागे कारभार कोण पाहणार याची व्यवस्था मांडावी लागे. पालकांनो, आपल्या ऑफिसातल्या रजेच्या अर्जात याहून वेगळे काय असते?

खरी ओढाताण शेवटच्या मुद्द्यावर होती. महाराजांचे म्हणणे असे की दिवाण आणि अधिकारी मंडळ रोजचे काम पाहतील, पण महत्त्वाचे निर्णय आमच्याकडेच येतील, आम्ही जिथे असू तिथे. सरकारचा कल असा की राजा नसताना दिवाणाने महत्त्वाच्या बाबतीत रेसिडेंटचा सल्ला घ्यावा. वरवर पाहता ही मदतच वाटते. परंतु महाराज ओळखून होते की आजारपणाच्या दाराने एकदा रेसिडेंट आत आला की बरे झाल्यावरही तो बाहेर जाणार नाही. मल्हाररावांचे काय झाले ते त्यांनी पाहिले होते. म्हणजे विश्रांती घेतली नाही तर शरीर जाणार, आणि घेतली तर अधिकार जाणार, असा हा पेच होता.

यातून त्यांनी एक पद्धत बसवली. कोणत्या खात्याच्या अधिकाऱ्याने किती रकमेपर्यंत आणि कोणत्या बाबतीत स्वतः निर्णय घ्यायचा, कोणते काम दिवाणांकडे जायचे आणि कोणते हुजुरांकडे, याचे लेखी नियम होऊ लागले. आगबोटीने टपाल लंडनला पोहोचायला अडीच-तीन आठवडे लागत, तातडीच्या कामासाठी तार होती. टिपणे जात, हुकूम येत, आणि ते आज्ञापत्रिकेत छापले जात. आज जिला घरून काम करणे म्हणतात, ती गोष्ट एकोणिसाव्या शतकात कागद आणि आगबोटीवर चालली होती, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. जो राजा सुरुवातीला प्रत्येक कागद स्वतः पाहत होता, त्याला दुखण्याने अधिकार वाटून द्यायला शिकवले. बडोद्याच्या कारभाराला नियमांची जी शिस्त आली तिच्यात या प्रवासांचा मोठा वाटा आहे, असे आम्हाला वाटते.

परंतु किंमतही मोजावी लागली, आणि ती लपवणे योग्य नाही. १८९४ साली महाराज युरोपात असताना सर्व्हे खात्यातले अधिकारी वासुदेव सदाशिव बापट यांच्यावर लाचलुचपतीचे आरोप ठेवून चौकशी सुरू झाली. बापटांच्या बचावासाठी लोकमान्य टिळक स्वतः बडोद्याला आले. ते प्रकरण फार गाजले. राजा जागेवर असता तर ते त्या थराला गेले असते का, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला असणार. परत आल्यावर महाराजांनी त्या सगळ्या कागदपत्रांचा गोषवारा तयार करायला सांगितला. त्यासाठी १८९५ साली त्यांनी आपल्या एका तरुण अधिकाऱ्याला उटकमंडला बोलावून घेतले. तो अधिकारी म्हणजे अरविंद घोष, पुढचे श्री अरविंद.

सर्वांत कठीण प्रसंग १९०० साली आला. लॉर्ड कर्झन व्हाइसरॉय होते. त्यांनी सर्व संस्थानिकांसाठी एक परिपत्रक काढले. त्याचा आशय असा की राजांचे वारंवार युरोपला जाणे म्हणजे कर्तव्यात कसूर आहे, यापुढे प्रत्येक वेळी सरकारची परवानगी लागेल आणि कारण पुरेसे आहे की नाही हे सरकार ठरवेल. नाव कोणाचेच नव्हते, परंतु रोख बडोद्याकडे आहे असे सर्वत्र समजले गेले. महाराजांना हे फार लागले. विलासासाठी परदेशी जाणारे राजे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने जाणारा, तिथूनही काम पाहणारा राजा यांना एकाच काठीने हाकणे हा अन्याय आहे, असे त्यांचे मत होते.

इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. लॉर्ड कर्झन स्वतः आयुष्यभर पाठीच्या दुखण्याने त्रस्त होते. तरुणपणीच त्यांच्या कण्यात दोष उत्पन्न झाला होता आणि कंबरेला आधाराचा कडक पट्टा बांधून ते काम करीत. वेदना सोसत रात्री उशिरापर्यंत लिहीत बसणारा हा माणूस. मग दुसऱ्याचे दुखणे त्यांना का समजले नाही? आमचा अनुभव असा आहे की जो स्वतः दात-ओठ खाऊन काम रेटतो, त्याला दुसऱ्याने विश्रांती मागितली की तो आळशी वाटतो. शाळांत, कारखान्यांत, कचेऱ्यांत असे वरिष्ठ आम्ही खूप पाहिले. शिवाय झोपेचे दुखणे डोळ्यांनी दिसत नाही. हात मोडला तर प्लास्टर दिसते, ताप आला तर थर्मामीटर सांगतो. झोप न झालेला माणूस मात्र चारचौघांत उभा असतो, बोलतो, हसतोसुद्धा.

महाराजांनी यावर काय केले? आरडाओरडा केला नाही आणि मुकाट्याने ऐकूनही घेतले नाही. सरकारकडे लेखी बाजू मांडली. १९०१ साली लंडनच्या एका प्रसिद्ध मासिकात आपल्या दिनक्रमावर, भारतातल्या आणि युरोपातल्या, लेख लिहिला. दिवस कसा जातो, काम केव्हा होते, हे लोकांसमोर ठेवले. त्याच सुमारास दुष्काळी दौऱ्याची टिपणेही प्रसिद्ध झाली. छप्पन्नच्या त्या भयंकर दुष्काळात, म्हणजे १८९९-१९०० मध्ये, त्यांनी राज्यात फिरून मदतकार्य पाहिले होते. स्वतःच्या प्रकृतीबद्दल बोलायचे तर आधी कामाचा हिशेब समोर असावा, हे त्यांना चांगले समजत होते.

पुढच्या प्रवासांतून बडोद्याला काय मिळाले हे आपण जाणतोच. १८९३ साली अमरेलीत प्रयोग म्हणून सुरू केलेले सक्तीचे प्राथमिक शिक्षण १९०६ साली सर्व राज्याला लागू झाले. त्याच वर्षी महाराज अमेरिकेत गेले, तिथली सार्वजनिक ग्रंथालये पाहिली आणि १९१० साली बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालांना बडोद्याला आणले. मध्यवर्ती ग्रंथालयाची उभारणी त्यातून झाली. प्रकृतीसाठी निघालेला माणूस डोळे उघडे ठेवून फिरत होता.

आता दुसरी बाजू. जो स्वतः वरिष्ठांकडे सवलत मागतो, तो आपल्या हाताखालच्यांना ती देतो का? महाराजांच्या बाबतीत याचे उत्तर सरळ नाही. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ साली त्यांचे वाचक म्हणून नोकरीस लागले आणि सुमारे ३५ वर्षे सेवेत राहिले. वाचन, लेखन, राजपुत्रांचे शिक्षण, प्रवासात सोबत, अशी अनेक कामे त्यांच्याकडे होती. या धावपळीतून जो वेळ उरे त्यात त्यांनी रियासतीचे खंड लिहिले. हुजुरांची झोप उडालेली असेल तर सेवेतल्या माणसांनाही स्वस्थता कुठून मिळणार! महाराज शिस्तीचे कडक होते आणि जवळच्या माणसांना ते जाणवे.

श्री अरविंद १८९३ पासून १९०६ पर्यंत बडोदे राज्याच्या सेवेत होते. त्यांनी पुढे शिष्यांना एक आठवण सांगितली आहे. एकदा महाराजांनी हुकूम काढला की अधिकाऱ्यांनी रविवारी आणि सुटीच्या दिवशीही कचेरीत हजर राहावे. अरविंदबाबू गेले नाहीत. दंडाची गोष्ट निघाली तेव्हा हवा तेवढा दंड करा, आपण येणार नाही, असा त्यांचा पवित्रा होता. महाराजांनी तो विषय सोडून दिला. आम्हाला या प्रसंगात दोघेही मोठे वाटतात, पण थोडे अधिक महाराज. कर्झनसाहेबांनी जे त्यांच्यासाठी केले नाही, ते त्यांनी एका प्राध्यापकासाठी केले. अर्थात अरविंद घोषांची बुद्धिमत्ता महाराजांना हवी होती, हेही खरे. साध्या कारकुनाने असे केले असते तर काय झाले असते, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी वर्गात जरूर चर्चेला घ्यावा.

उतारवयात गाउटचे दुखणे जडले. घरातली दुःखेही कमी नव्हती. युवराज फत्तेसिंहराव १९०८ साली, शिवाजीराव १९१९ साली आणि जयसिंगराव १९२३ साली, असे तीन तरुण मुलगे बापाच्या डोळ्यांदेखत गेले. तरीही कामाचा क्रम सुटला नाही. १९३० साली ते लंडनच्या गोलमेज परिषदेला हजर होते, आणि १९३३ साली सत्तरीच्या वयात शिकागोला सर्वधर्मीय परिषदेसाठी गेले. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. पूर्ण अधिकार मिळाल्यापासून ५७ वर्षे त्यांनी राज्य केले, आणि त्यातला बहुतेक काळ तब्येतीशी तडजोड करीत केले.

आपल्या पालकांत रिफायनरीत, खताच्या आणि रसायनांच्या कारखान्यांत पाळ्यांमध्ये काम करणारे पुष्कळ आहेत. रात्रपाळीने झोप बिघडलेले, मधुमेह किंवा रक्तदाब सांभाळणारे वडील पालक-सभेत डोळे चोळत बसलेले आम्ही पाहतो. २०१६ सालच्या दिव्यांगजन अधिकार कायद्याने सरकारी आस्थापनांवर दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी वाजवी सोय करण्याची जबाबदारी टाकली आहे आणि काही जुनाट मज्जासंस्थेचे विकारही त्यात धरले आहेत. साधा निद्रानाश मात्र त्या यादीत नाही. त्यामुळे अशा माणसाला वरिष्ठांशी स्वतःच बोलावे लागते. डॉक्टरांचा लेखी सल्ला, कोणती पाळी चालेल, कोणते काम आपण कोणत्या वेळी पूर्ण करू, आणि आपल्या गैरहजेरीत ते कोण पाहील, एवढे कागदावर असेल तर बोलणे सोपे जाते. महाराजांच्या खलित्यांतही हेच मुद्दे होते.

शाळेपुरते सांगायचे तर दमा, लहानपणचा मधुमेह, फिट्स किंवा झोपेचा विकार यांमुळे ज्या मुलांच्या रात्री बिघडतात, त्यांच्या पालकांनी ते लपवू नये. लग्नाच्या वेळी अडचण येईल, लोक नावे ठेवतील, अशा भीतीने विशेषतः मुलींच्या बाबतीत ही माहिती आमच्यापर्यंत येतच नाही आणि मग पहिल्या तासाला डुलक्या घेणारी मुलगी शिक्षकांना आळशी वाटते. डॉक्टरांच्या पत्रासह अर्ज कार्यालयात बंद पाकिटात द्यावा. तो फक्त आम्ही आणि वर्गशिक्षक वाचतील. पहिल्या तासाची हजेरी, चाचणीची वेळ आणि मधल्या सुटीआधी खाण्याची परवानगी या तीन बाबतीत काय करता येईल ते पालकांशी समोरासमोर बसून ठरवले जाईल.